कूलरसमोरची मानाची जागा

कंडेन्सर काही एका झटक्यात मरत नाही. बल्ब मरतो फट् म्हणून, आणि सगळ्या घराला कळतं. कंडेन्सर आतल्या आत झिजत जातो. पंखा फिरतच असतो, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही; वारा तेवढा कमी झालेला असतो. घरातली बाई म्हणते औंदा उकाडाच लई आहे, नवरा म्हणतो लाइटीला जोर नाही, आणि पंख्याच्या टोपीत बसलेला तो एवढासा डबा कुणाला आठवतसुद्धा नाही.

भागूबाईला मात्र तो डबा झोपेतही आठवायचा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बद्रीनाथ शेठचा कंडेन्सरचा छोटा कारखाना होता आणि तिथं वाइंडिंगच्या मशीनवर तिची उभी हयात गेली होती. मशीन सुरू झालं तेव्हा ती नवी सून होती, आता तिच्या सुनेला पोरं होती. इंजिनिअर लोक त्याला कपॅसिटर म्हणतात. म्हणोत बिचारे. गंगापूर असो नाहीतर देवगाव रंगारी, दुकानात जाऊन माणूस कंडेन्सरच मागतो.

त्या डब्यात असतं काय, तर प्लॅस्टिकची फिल्म. अगरबत्तीच्या पुड्यावर असते त्याहून कितीतरी पातळ, आणि तिच्यावर वाफेनं चढवलेला चंदेरी मुलामा. अशा दोन फिल्म एकावर एक धरून घट्ट गुंडाळायच्या. सैल गुंडाळलं तर आत हवा राहते, जास्त आवळलं तर सुरकुती पडते, आणि दोन्हीकडून मालाचं वाटोळं. मशीन फिरवतं खरं, पण कुठं ढील द्यायची आणि कुठं आवरायचं हे बाईच्या बोटांना कळावं लागतं. भागूबाईच्या बोटांना ते असं कळायचं की बाकीच्या बायका हातातलं काम थांबवून बघत बसायच्या. आणि या फिल्मची एक गंमत आहे. कुठं एखादा कमजोर ठिपका निघाला आणि तिथं ठिणगी पडली, तर भोवतालचा मुलामा क्षणात उडून जातो, ती जागा आपोआप बाजूला पडते आणि कंडेन्सर पुन्हा कामाला लागतो. दर वेळी जरासा मुलामा जातो, एवढंच. असं थोडंथोडं गमावत चांगला माल सहज दहा वर्षं काढतो. भागूबाईच्या हातचा माल त्याहून जास्त काढायचा, असं दुकानदारच सांगायचे.

म्हणून तर त्या वर्षी होळीनंतर जे घडलं त्यानं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गंगापूरला बस स्टँडजवळ तन्वीरचं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस जुना, बोलायला गोड, उगीच तक्रार करणाऱ्यातला नाही. तो पिशवीभर कंडेन्सर घेऊन आला आणि शेठच्या टेबलावर ओतून म्हणाला की पंखे फिरायलेत, पण वारा लागंना. एक उन्हाळा काढलेला माल, आणि ही गत. कारखान्यात माल तपासायला श्रेया होती. डिप्लोमा करून नुकतीच लागलेली, शांत पोरगी. तिनं एकेक डबा मीटरला लावला. काही फुगलेले निघाले. ते तिनं वेगळे काढले, कारण त्यांच्या अंगावरून कधीतरी जबर व्होल्टेज गेलेलं होतं, त्याला कारखाना काय करणार? बाकीचे दिसायला नव्यासारखे चकचकीत होते. पण अडीच मायक्रोफॅरडचा डबा दीडवर आला होता. दहा वर्षांची झीज एका वर्षात.

आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकावर हिरवा ठिपका होता.

शेठच्या कारखान्यात ती पद्धतच होती. जिनं गुंडाळलं, तिचा रंग डब्याच्या बुडाला. यास्मिनचा पिवळा, आणखी कुणाचा निळा, भागूबाईचा हिरवा. इतकी वर्षं तो हिरवा ठिपका बघून दुकानदार माल न तपासता घ्यायचे. आता तोच ठिपका वर आला की टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडं बघेनात.

बद्रीनाथ शेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भागूबाईला सोपं गेलं असतं, दोन शब्द ऐकवून मोकळी झाली असती. त्यानं तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, सुनेची चौकशी केली, नातवांची केली, आणि चहा संपला तरी मूळ बोलणं त्याच्या घशातून बाहेर पडेना. शेवटी खाली बघत म्हणाला, की वय कुणाला चुकत नाही, नजर कमी होते, हात थरथरतो. हा महिना बघू, पण असाच माल निघाला तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. भागूबाईनं मान हलवली. पॅकिंगला म्हणजे पुठ्ठ्याचे खोके चिकटवायला. ते काम हलकं होतं आणि बसून होतं, पण ज्या हातांनी आयुष्यभर फिल्म ओळखली त्या हातांना ते काम म्हणजे निवृत्तीच.

मुकुंदवाडीच्या घरी तिनं नवऱ्याला, कडुबाला, सांगितलं. तो म्हणाला बरंच झालं, आता बस कर, किती दिवस मरायचं त्या मशीनशी. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवशी तिला ते लई लागलं. तिनं सुई घेतली आणि दोरा ओवून बघितला. पहिल्या झटक्यात गेला. परातीत तांदूळ घेतले आणि खडे वेचून बघितले. एकही राहिला नाही. मग हात समोर धरून बघत बसली. थरथरत नव्हते. पण मीटर खोटं बोलत नाही हेही तिला माहीत होतं, आणि स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला की माणसाला कशाचाच आधार वाटत नाही. ती त्या रात्री जेवली नाही.

आता भागूबाईच्या बसायच्या जागेचं सांगायला पाहिजे. वाइंडिंगच्या खोलीत एसी होता, कारण हे काम बंद आणि कोरड्या खोलीतच करायचं असतं. मागच्या उन्हाळ्यात ऐन तापात त्यानं मान टाकली. दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत राहिला, आणि खोलीत बायकांचा जीव कासावीस व्हायला लागला. तेव्हा शेठनं शहागंजातून भला मोठा लोखंडी कूलर आणला. नारळ फुटला, कूलरला हळद-कुंकू लागलं, पेढे वाटले गेले. आणि कूलरच्या बरोब्बर समोर मशीन कुणाचं मांडायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. भागूबाई सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मोठी. पहिला वारा तिला. वाळ्याचा वास अंगावर घेत ती बसली, तेव्हा माहेराहून साडी आल्यासारखी मिरवत होती, खोटं कशाला बोलायचं? पावसाळ्यात ओल शोषणारं भाड्याचं यंत्र आणून भागवलं, एसीचं मग कुणी नावच काढलं नाही. यंदा पुन्हा ऊन तापलं तसा कूलर सुरू झाला आणि भागूबाई पुन्हा त्याच जागी.

पण केबिनमधल्या त्या बोलण्यानंतर तिला ती जागा टोचायला लागली. मान चांगल्या हाताला असतो. आपला हात गेला, तर आपण कोणत्या तोंडानं पहिला वारा घ्यायचा? दुसऱ्या दिवशी तिनं शेठला सांगितलं, ही जागा यास्मिनला द्या. यास्मिन खोलीतली सगळ्यांत चलाख पोरगी, बोटं चिमणीसारखी चालायची तिची. भागूबाईनंच तिला शिकवलेलं. भागूबाईनं स्वतःसाठी एवढंच मागितलं की मशीन तिचं तिच्याबरोबर येऊ द्यावं, कारण त्याच्या खोडी तिला माहीत होत्या. यास्मिन नको नको म्हणाली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फिटरनं दोन्ही मशीनं उचलून अदलाबदल केली आणि भागूबाई पार कोपऱ्यात जाऊन बसली. तिथं वरून पत्रा तापायचा आणि कूलरचा वारा म्हणून पोचायचा नाही. घामाघूम होऊन ती काम करायची. घडोघडी हात पुसायची. आपल्याला हीच शिक्षा बरोबर आहे असं तिला वाटायचं.

तन्वीरची तक्रार आल्यावर श्रेयानं शेठकडून एक गरम पेटी मागवून घेतली होती. नवा माल त्यात ठेवायचा, जास्त व्होल्टेज द्यायचं, आणि आठवडाभर भाजत ठेवायचा. पंख्यात जे वर्षानुवर्षं सोसायचं ते डबा त्या पेटीत आठवड्यात सोसतो. अदलाबदलीनंतरचा माल तिनं पेटीत घातला आणि आठवड्यानं काढून मीटरला लावला. हिरवे ठिपके सगळे चांगले निघाले. एकही उतरला नव्हता.

भागूबाईला आधी खरंच वाटेना. पोरगी आपलं मन राखायला बोलतेय असं वाटलं. मग कळलं की पिवळे ठिपके उतरलेत. यास्मिनचा माल, जो आजवर कधी परत आला नव्हता, तो धडाधडा उतरला होता.

खोलीत लगेच कुजबुज सुरू झाली की म्हातारीची हाय लागली पोरीला. भागूबाईनं ते ऐकलं आणि राग यायच्या आधी तिला काय वाटलं, तर आनंद. होय, आनंद झाला तिला. हात माझे गेले नाहीत, तिचे गेले, असं मनात आलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. दुपारच्या सुट्टीत ती ताठ मानेनं पाण्याच्या नळाकडं गेली.

नळाच्या मागं यास्मिन बसली होती. जेवणाचा डबा उघडलेला, पण शिवलेला नाही. दोन्ही हात समोर धरून ती बोटांकडं बघत होती. भागूबाई अगदी तशीच तर बसली होती, आपल्या घरात, परातीसमोर.

"मावशी," यास्मिन म्हणाली, "मेरे हाथ को क्या हुआ? तुम्ही शिकवलं तसंच करायले ना मी?"

भागूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मघाचा आनंद तिला तोंडात आलेल्या खड्यासारखा लागला. ती यास्मिनजवळ खाली बसली, तिचे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. बोटं कोरडी, नखं कापलेली, कुठं खरचटलेलं नाही. इतक्या जवळून दुसऱ्याचे हात बघताना तिला एकदम वाटलं की या हातांत काहीच वाईट नाही. आणि यांच्यात नाही, तर माझ्यातही नव्हतं.

"हात चांगलेत तुझे," ती म्हणाली. "ऊठ. दोघी जाऊ श्रेया मॅडमकडं."

श्रेयानं एक पिवळा ठिपका आणि तन्वीरनं आणलेला एक हिरवा ठिपका, असे दोन्ही डबे कापले आणि आतली फिल्म टेबलावर उलगडली. ठिणगीनं गेलेला मुलामा कसा दिसतो ते भागूबाईनं आयुष्यभर बघितलं होतं, टाचणीच्या टोकाएवढे स्वच्छ ठिपके. इथलं दृश्य वेगळंच होतं. मुलामा कडेनं खाल्ल्यासारखा गेला होता. एके काळच्या चंदेरी पट्टीचे काठ नुसते पारदर्शक प्लॅस्टिक होऊन बसले होते, आणि दोन्ही डब्यांत सारखंच. श्रेया म्हणाली, हे ओलीनं होतं. गुंडाळताना हवेतली ओल फिल्ममध्ये शिरली, की पुढं डबा राळेनं बंद होतो आणि ती ओल आतच कोंडून राहते. मग वीज मिळाली की ती हळूहळू मुलामा खात जाते. पण पंचाईत अशी, की या खोलीत ओल येणार कुठून? उन्हाळ्यात संभाजीनगरात ओठ फुटतात, आणि दारापाशी भिंतीवर टांगलेलं ओल मोजायचं यंत्र रोज कोरडं दाखवतं. ते श्रेया स्वतः रोज बघायची.

भागूबाई बोटांवर मोजत बोलायला लागली, कारण तसं केल्याशिवाय तिला हिशोब सुचत नसे. मी उठले, माझे हात माझ्याबरोबर गेले. माझं मशीन माझ्याबरोबर गेलं. यास्मिन तिचे हात घेऊन आली, तिचं मशीन घेऊन आली. मग तिथं राहिलं काय?

यास्मिन म्हणाली, कूलर.

भागूबाईला मागच्या वर्षीचे पापड आठवले. सुनेनं ते वाळायला घरच्या कूलरसमोर पसरले होते, वाऱ्यानं लवकर वाळतील म्हणून, आणि संध्याकाळी ते वाळायच्या ऐवजी ओल्या चपातीसारखे लोळागोळा झाले होते. सगळ्या घराला माहीत होतं की कूलरसमोर मीठ सुटतं, काडीपेटी पेटत नाही, बिस्किट मऊ पडतं. पण घरातली गोष्ट घरात आणि कारखान्यातली कारखान्यात, या दोन्हींची गाठ कुणी घातलीच नव्हती. शेठनं नाही, श्रेयानं नाही, आणि त्या वाऱ्यात दोन उन्हाळे बसलेल्या भागूबाईनंही नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "ते दारापाशचं यंत्र यास्मिनच्या मशीनवर आणून टांगा."

श्रेयानं टांगलं. कूलर सुरूच होता, वाळ्याचा वास येत होता. तिघी काट्याकडं बघत राहिल्या. काटा आधी हलेना, मग जरा हलला, आणि मग सरकतच गेला. सुट्टी संपून बायका परत आल्या तेव्हा तो श्रावणात असावा तिथं जाऊन बसला होता.

शेठला बोलावलं. त्यानं काटा बघितला, फिल्म बघितली, आणि कपाळाला हात लावून तिथल्याच एका स्टुलावर बसला. म्हणाला, मी तर बायकांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आणला होता. आणि तुमच्यासमोर लावला, भागूबाई, तुमच्यासमोर! भागूबाईच्या मनात केबिनमधला तो चहा होता, हात थरथरतो म्हणालेला तो शब्द होता, आणि तिला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. पण त्याचा चेहरा बघून तिच्यानं होईना.

"तुम्ही मानानं दिलं शेठ, मी मानानं घेतलं," ती म्हणाली. "चूक कुणाची काढायची? पण आता बंद करा तो."

यावर खोलीत टाळ्या पडल्या असं कुणी समजू नये. बायकांनी तोंडं पाडली. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं, आणि ही म्हातारी कूलर बंद करायला निघाली! एक जण म्हणाली, स्वतःचं नाव धुवायला आमचा जीव घेणार का. भागूबाईनं ते मुकाट ऐकून घेतलं, कारण त्यात थोडं खरं होतं. शेवटी तोडगा यास्मिननंच काढला. एसी दुरुस्त होईपर्यंत उजाडतानाच कामाला यायचं आणि ऊन चढायच्या आत घरी जायचं. पाणी भरायचं कधी, डबे करायचे कधी, यावर पुष्कळ वाद झाला, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. पहाटेचा गारवा खोलीत होता आणि कूलर बाहेर पॅकिंगच्या पोरांकडं गेला होता. पुठ्ठ्याला त्याचा त्रास नाही. शेठनं कूलरसमोर गुंडाळलेला सगळा माल बाजूला काढला, तन्वीरला स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं आणि बदलून नवा माल द्यायचं कबूल केलं. एसीवाल्याला मात्र त्यानं असा काही झापला की तो बिचारा त्याच आठवड्यात आला.

कूलर गेल्यानंतर गुंडाळलेला माल श्रेयानं पेटीत घातला. त्या आठवड्यात भागूबाईचं कशात लक्ष लागेना. कारण कळलं होतं, डोक्याला सगळं पटलं होतं. तरी मीटरनं सांगितल्याशिवाय जिवाला पटेना. कोण जाणे, ओल होतीच, पण थोडी चूक हातांचीही असली तर?

पेटी उघडायच्या दिवशी सगळी खोली श्रेयाच्या टेबलाभोवती गोळा झाली. शेठही आला आणि मागं उभा राहिला. श्रेयानं तासभर माल थंड होऊ दिला. गरम डब्याचा आकडा खरा नसतो. मग तिनं हिरवा ठिपका उचलला आणि मीटरच्या चिमट्यांकडं नेला.

"थांब पोरी," भागूबाई म्हणाली. "आधी यास्मिनचा लाव."

श्रेयानं पिवळा लावला. आकडा अडीचवर जाऊन थांबला. दुसरा लावला, तिसरा लावला, सगळे तिथंच. यास्मिननं ओढणीत तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती का रडत होती ते कुणाला कळलं नाही. मग हिरवे लागले. एक, दुसरा, तिसरा. श्रेयानं मीटर उचलून भागूबाईच्या डोळ्यांसमोर धरलं आणि तिलाच आकडा वाचू दिला. अडीच.

भागूबाई रडली. सगळ्यांसमोर, शेठसमोर, लाज न बाळगता रडली. महिनाभर तिनं स्वतःच्या हातांना दोष दिला होता, आणि ते बिचारे तिच्यासाठी राबतच होते. यास्मिननं तिला घट्ट धरलं. ज्या बाईनं कूलरवरून टोमणा मारला होता तिनं पाणी आणून दिलं. शेठ घसा खाकरत पुढं आला. माफी मागायची तर मागता येईना, म्हणून तो एवढंच म्हणाला की पॅकिंगचं मी बोललो होतो ते विसरा, आणि यास्मिनच्या शेजारी मशीन लावून दिलं तर फिल्मचा नवा रोल कधी चढवाल?

भागूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग हात पुसले, बोटाबोटातून, नीट कोरडे होईपर्यंत.

"आत्ता," ती म्हणाली.